दगडांखालचं किविआक

म्हातारा ओतोनिआक मरायला टेकला होता आणि त्याला एकच गोष्ट हवी होती: किविआक, म्हणजे कातड्यात कोंबून महिनोन्महिने मुरवलेले छोटे समुद्रपक्षी. तेही त्याने स्वतः मारलेल्या शेवटच्या सीलच्या कातड्यात मुरलेलं. डॉक्टरांनी नाताळपर्यंत वेळ दिला होता. जूनमध्ये कातडं भरायचं आणि सप्टेंबरात उघडायचं, म्हणजे जमण्यासारखं होतं.

"ते खाल्ल्याशिवाय मी कुठे जात नाही," तो लेकीला, नाडूकला म्हणाला. "पण आत हवा ठेवू नकोस हं. तोबिआसच्या बायकोने ठेवली, तर अर्धं गाव तीन दिवस पोट धरून बसलं होतं."

"बाबा, तुम्ही नुसते पडून राहा. मला शिकवू नका."

म्हणाली खरी, पण यंदा समुद्रावरचा बर्फ लवकर फुटला आणि आक पक्षी आले ते अगदी तुरळक. एका कातड्यात चारशे मावतात. पूर्वी कड्याखाली बसून लांब दांड्याचं जाळं नुसतं वर धरलं की दोन दिवसांत काम उरकायचं. नाडूकला एकोणीस दिवस लागले. तिने पक्षी पिसांसकट कातड्यात कोंबले, वर उभी राहून पायांनी तुडवत हवा काढली, तोंड शिवलं, शिवणीला चरबी फासली आणि किनाऱ्यावर सावलीत त्यावर दगड रचले. खूण काही ठेवली नाही. कशाला ठेवेल? कोणता ढीग कुणाचा हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, आणि दुसऱ्याच्या ढिगाला हात लावेल असं माणूस या गावात अजून जन्मलेलं नाही.

ऑगस्टमध्ये जहाज आलं. हे निसर्ग जपणारं जहाज होतं, तसं त्याच्या अंगावरच ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्यातून लाल कोटातले साठ पाहुणे उतरले. निम्मे आळीपाळीने नाडूकच्या घरी कॉफी प्यायला येणार होते आणि निम्मे किनारा साफ करणार होते. दोन्हीला गावातर्फे होकार नाडूकनेच दिला होता. कचरा होताच ना! कुठल्या कुठल्या देशांची फाटकी जाळी आणि प्लास्टिकचे डबे लाटा आमच्याच दारात आणून टाकतात.

"काय काय उचलायचं?" जहाजावरच्या हेन्रिएटेबाईंनी विचारलं होतं.

"जे आमचं नाही ते सगळं," नाडूक म्हणाली होती.

दुपारी ती तिसरी किटली चढवत होती, तेव्हा एक गोऱ्यापान आजीबाई हातमोजे काढत आत आल्या. चेहरा नुसता आनंदाने फुललेला. "अहो, आम्ही एक मेलेलं जनावरसुद्धा काढलं! दगडांखाली कुणीतरी दडवलं होतं. चौघांनी उचललं. काय घाण वास होता!"

नाडूकने किटली तशीच सोडली आणि किनाऱ्याकडे धावत सुटली. तिचे दगड कुणीतरी आवडीने एका ओळीत लावून ठेवले होते. समोर जहाजाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"सडकं काही जहाजावर ठेवता येत नाही," हेन्रिएटेबाई चाचरत म्हणाल्या. "लगेच जाळावं लागतं. तसा नियम आहे." आणि मग खरं काय ते कळल्यावर त्या तिथेच वाळूत बसून रडल्या. खोटं नव्हतं ते रडणं. "आम्ही काय देऊ शकतो? आमच्याकडे गोठवलेली कोंबडी आहे. हवी तेवढी घ्या."

"कोंबडी," नाडूक म्हणाली. तिला हसू आलं, आणि ते थांबेना. पक्षी केव्हाच दक्षिणेला निघून गेले होते. आता ते परतणार पुढच्या मे महिन्यात.

साफसफाईचा फोटो मात्र त्यांनी आधीच छापून गावाला भेट दिला होता. तोच घेऊन ती बापाजवळ गेली, कारण तोंडाने सांगणं तिला जमेना. म्हाताऱ्याने तो खिडकीच्या उजेडात धरला. लाल कोटवाले दात काढून हसत होते, आणि त्यांच्या मधोमध ते कातडं होतं.

"शिवण छान घातलीस," तो म्हणाला. "कुठे फुगलेलं नाही. हवा सगळी काढलीस."

"बाबा, त्यांनी ते जाळलं."

त्याने फोटो नाकाशी नेला. डोळे मिटून हुंगला, मग उलटा करून पुन्हा हुंगला.

"कागदाचा वास येतोय," तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्याने काही खाल्लं नाही. नाडूकने सीलचा रस्सा करून पाहिला, मग हातापाया पडली, मग चिडली. सप्टेंबर लागायला दोन दिवस असताना तो गेला.

अंत्यविधीनंतर सगळं गाव तिच्या घरी कॉफीला जमलं. एरवी अशा वेळी किविआक उघडतात. नाडूकने जहाजाने ठेवून दिलेली कोंबडी उकडून मधोमध ठेवली. कुणी हात लावेना. शेवटी तोबिआसने एक तुकडा उचलला, हुंगला, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून सगळा खाल्ला.