मनोरीसमोरची बोट

बँकेतली चांगली नोकरी सोडून गार्गी मरोळच्या संयुक्त माहिती कक्षात रुजू झाली, तेव्हा घाटकोपरच्या घरात कोणालाच आनंद झाला नाही. पण का, ते आईने विचारलं नाही. गार्गीचा थोरला भाऊ अनय बाजारातल्या एका बॉम्बस्फोटात गेला होता. त्या स्फोटाची कुणकुण आधीच वेगवेगळ्या खात्यांना लागली होती, असं नंतर चौकशीत निघालं. एकाकडे गाडीचा नंबर होता, दुसऱ्याकडे माणसाचं नाव, तिसऱ्याकडे जागा. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

कक्षाचं काम नेमकं हेच टाळायचं होतं. कुठूनही खबर आली की तिचा एक संदेश करायचा आणि सगळ्या यंत्रणांना एकाच वेळी पाठवायचा. गार्गी मन लावून काम करायची. किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन कोळ्यांना समजावून सांगायचं कामही तिनेच मागून घेतलं होतं.

मनोरीत तिची महादूकाकांशी ओळख झाली ती अशीच. महादू कोळी साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. सभेत तिने सांगितलं होतं की अनोळखी बोट दिसली तर जवळ जायचं नाही, आम्हाला फोन करायचा, पुढचं आम्ही बघू. त्यावर महादूकाका म्हणाले, की दर्यात बोट बंद पडलेली दिसली तर आमच्यात आधी कोणीतरी जातं. त्यातच तर धोका आहे, असं गार्गीने त्यांना पटवून दिलं. अनयचंही सांगितलं. ते ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली.

पावसाळा संपून काही आठवडे झाले होते. दुपारी महादूकाकांचा फोन आला. समोर दर्यात एक बोट उभी आहे, म्हणाले. रंग आपल्याकडचा नाही, गुजरातकडचा वाटतो. इंजिन बंद दिसतंय. एक माणूस कापड हलवतोय, पण धुरकट हवेमुळे त्याचं तोंड ओळखू येत नाही.

"मी होडी घेऊन बघून येऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको काका. तुम्ही थांबा. मी कळवते सगळ्यांना."

तिने संदेश लिहिला. अनोळखी बोट, परराज्याचा रंग, इंजिन बंद, एक इसम कापडाने इशारे करत आहे. पाठवल्यावर थोड्याच वेळात सगळ्या यंत्रणांनी तो वाचल्याच्या खुणा पडद्यावर उमटल्या. शेजारच्या टेबलावरचा मुकुल तिचा वरिष्ठ, पण कॉलेजपासूनचा मित्र. तो वाकून बघत म्हणाला, "झकास. पूर्वी याला दोन दिवस लागले असते." गार्गीलाही बरं वाटलं. तिने डबा उघडला.

उन्हं कलायला लागली तसा महादूकाकांचा पुन्हा फोन आला. कोणीच आलं नव्हतं आणि वारा वाढत होता. गार्गीने एकेका कार्यालयाला फोन लावायला सुरुवात केली. एका ठिकाणी सांगितलं, की हे समुद्रातलं म्हणजे दुसऱ्यांकडे गेलं असणार. दुसऱ्यांना वाटलं होतं, की किनाऱ्याजवळचं आहे म्हणजे पहिले निघाले असतील. तिसऱ्यांनी मात्र हालचाल केली होती. बोटीवरचा माणूस इशारे करतोय, म्हणजे ते बघणारा साथीदार किनाऱ्यावर असणार, असं धरून त्यांनी साध्या वेशातली माणसं मनोरीच्या वाळूवर पेरली होती. ती दुपारपासून बोटीकडे पाठ करून गावातल्या लोकांवर नजर ठेवून होती.

गार्गीने महादूकाकांना फोन केला, तेव्हा तो कोणी उचलला नाही. ते होडी घेऊन निघाले होते.

बोट खडकाला लागून कलंडली होती. तिच्यात दोघे होते. एक लवू नावाचा खलाशी. दोघांचेही फोन बंद पडले होते; दुपारभर शर्ट हलवून आणि ओरडून त्याचा आवाज बसला होता. दुसरा प्रितम, महादूकाकांच्या बहिणीचा, सखुबाईचा मुलगा. त्याने गुजरातेत जुनी बोट विकत घेतली होती आणि मामाला चकित करायचं म्हणून न सांगता घरी आणत होता. रंग गावात आल्यावर देणार होता. इंजिन दुरुस्त करताना त्याचा हात पट्ट्यात गेला. लवूने गमछ्याने दंड आवळून बांधला होता, तरी रक्त थांबलं नाही. होडी धक्क्याला लागण्याआधीच प्रितम मामाच्या मांडीवर गेला.

चौकशी लागली. जबाब लिहायच्या आधी मुकुल गार्गीला जिन्यात घेऊन गेला.

"सिस्टिम नीट चालली, गार्गी. संदेश सगळ्यांना पोचला. तू एवढंच लिही ना."

"काका 'कापड हलवतोय' म्हणाले होते. 'इशारे' हा शब्द माझा आहे रे."

"तेवढ्या एका शब्दावरून तुझी वाट लागेल."

तिने तरीही लिहिलं. तिची वाटही लागली नाही. अहवालात संदेश वेळेत पोचल्याबद्दल कक्षाचं कौतुक होतं, आणि तिचा जबाब मागच्या पानांत कुठेतरी जोडलेला होता. तिची एक सूचना मात्र मान्य झाली. संदेशाखाली 'कोण जाणार' असा रकाना आला. पहिले काही दिवस यंत्रणा त्यात आपलं नाव भरत. मग हळूहळू 'संबंधित यंत्रणा' असं भरलं जाऊ लागलं.

चौकशी चालू असतानाच, प्रितमचं दिवसकार्य उरकल्यावर ती मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला गेली. सखुबाई दारात बसल्या होत्या. गार्गी कोण ते महादूकाकांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. चूक माझी होती, एवढंच गार्गी महादूकाकांना म्हणाली.

"दर्यात कोणी कापड हलवलं म्हणजे काय, ते आमच्या पोरासोरांना कळतं," ते म्हणाले. "मला कळत होतं, बाय. तरी मी तुझं ऐकलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं परत येताना तिला वाटत राहिलं.

त्यानंतर मनोरीहून कक्षाला फोन आला नाही. आजूबाजूच्या गावांतूनही येईनासे झाले. महिन्याच्या बैठकीत मुकुलने पडद्यावर नकाशा दाखवला आणि त्या पट्ट्यात आता पूर्ण शांतता असल्याचं सांगितलं. वरिष्ठांनी समाधान व्यक्त केलं. मनोरीचे लोक आता काहीही दिसलं तरी आपल्याला सांगणार नाहीत, असं गार्गीने उभं राहून सांगितलं. तिचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं, आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.