मास्तरांच्या अंगणातली खूण

घमेल्यात थोडा चुना उरला, तिथूनच सगळं बिघडलं. उरला नसता तर मारोती मास्तर सकाळी उठून, चहा पिऊन, गुमान ओट्यावर बसले असते. पण गुमान बसतील ते मास्तर कसले!

मास्तर म्हणजे बोरीधऱ्याचे, विहाराजवळ घर असलेले, शाळेतून रिटायर झालेले. बोरीधरा आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं गाव. चहूकडे काळी माती आणि कापूस, घरात मराठी, कचेरीत तेलुगू. मास्तर माणूस सरळ, पण लेकीचं नाव निघालं की तोंडाला लगाम नाही. प्रीती त्यांची एकुलती एक. आदिलाबादला मोजणीचं शिकली, सर्वेच्या कामाला लागली, काही वर्षं दुसऱ्यांची यंत्रं खांद्यावर वाहिली, आणि आता पहिल्यांदा एक गाव तिच्या एकटीच्या नावावर दिलं. तेही कोणतं, तर तिचं स्वतःचंच. वरचे साहेब म्हणाले होते म्हणे, तिथली भाषा तुझी, माणसं तुझी, तूच जा. हे वाक्य मास्तरांनी गावात इतक्यांदा सांगितलं होतं की किराणा दुकानातलं पोरगंही ते साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवायचं.

काम असं होतं, की ड्रोन उडवून गावठाणाचे फोटो काढायचे, ते जोडून नकाशा करायचा, आणि नकाशावरून ज्याच्या त्याच्या घराचा कागद निघायचा. शेताचे पट्टे लोकांकडे होते. घराचा कागद मात्र कोणाकडेच नव्हता. आज्या-पणज्यापासून राहत आलेले लोक, पण पुरावा विचारला तर 'साऱ्या गावाले मालूम हाय' एवढाच. त्यामुळे प्रीती गावात आली त्या दिवशी सगळ्यांचे कान टवकारलेले.

आली तशी ती खुणांच्या जागा शोधत हिंडायला लागली, आणि मास्तर तिच्या मागे मागे. हवेतून काढलेला फोटो जमिनीशी जुळवायचा, तर जमिनीवर वरून दिसतील अशा ठळक खुणा लागतात, आणि प्रत्येक खुणेची नेमकी जागा यंत्रानं मोजून ठेवावी लागते. आधीच्या एका गावात काळ्या-पांढऱ्या फ्लेक्सचे चौकोन टाकले होते, तर त्यातला एक दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गुरांच्या कोठ्याच्या गळक्या टिनावर सापडला. म्हणून इथे प्रीतीनं चुना ठरवला. काळ्या मातीवर चुन्याची मोठी फुली, उचलून नेता येत नाही आणि आभाळातून लख्ख दिसते.

जागा निवडताना ती आधी वर बघायची, मग खाली. झाडाखाली नको, भिंतीच्या सावलीत नको, बैलगाडीच्या वाटेवर नको. विहारासमोरची जागा तिला पसंत पडली, पण तिथे शेजारच्या द्वारकाबाईंचा कापूस वाळत पडला होता.

"मावशी, कापूस उचला. पांढऱ्यात पांढरं दिसाचं नाई," प्रीती म्हणाली.

"अवं माय, तुह्यासाठी कापूसच काय, घर उचलतो!" द्वारकाबाई म्हणाल्या आणि खरंच हसत हसत गाठोडी बांधायला लागल्या.

मग प्रीती विहाराभोवतीच्या वस्तीच्या पार टोकाला आली आणि थांबली. साहेबांनी दिलेल्या आराखड्यात खुणा मारुतीच्या देवळापर्यंतच होत्या. वस्ती त्याच्या पलीकडे. प्रीतीनं मान हलवली.

"बाबा, गोधडी वाळत घातली अन् एक कोपरा मोकळा सोडला, तर तोच कोपरा वाऱ्यानं दुमडते का नाई? नकाशाचंबी तसंच. खुणांच्या आत जे सापडते ते ताठ बसते. बाहेर राह्यलं ते वाकडं होते. आपली वस्ती बाहेर राहून राह्यली."

"मंग?"

"मंग एक खूण वस्तीच्या पलीकडं पायजे."

वस्तीच्या पलीकडे मोकळी जागा एकच, पाटीलवाडीतल्या लक्ष्मणरावांचं खळं. मास्तर जरा घुटमळले. त्यांचे वडील त्या खळ्यात सालगडी होते, लहानपणी मास्तर तिथे भाकर घेऊन जायचे आणि कुंपणाबाहेर उभे राहायचे. प्रीती मात्र फाटक उघडून सरळ आत गेली. लक्ष्मणराव खाटेवर बसले होते. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "टाक बाप्पा. तुले समजते, मले काय समजते!" फाटकाशी उभ्या मास्तरांचा ऊर असा भरून आला की बोलायचं ठरवलं असतं तरी शब्द फुटला नसता. असं क्वचितच व्हायचं.

पण संध्याकाळी पारावर शब्दांना पूर आला. "माह्या पोरीच्या खुणेवर नकाशा उभा राह्यते," मास्तर सांगत होते. "खूण हाय तर नकाशा हाय. खूण नाई तर काईच नाई! समजलं का?" लोकांनी माना डोलावल्या. समजलं, आणि भलतंच समजलं.

घरी आल्यावर मास्तरांना पायरीशी ते घमेलं दिसलं, प्रीतीच्या फुल्या काढून तळाशी चुना उरलेलं. रात्री त्यांनी ते तसंच राहू दिलं. पण सकाळी उजाडता उजाडता, प्रीती ड्रोनवाल्या पंकजला घ्यायला फाट्यावर गेली असताना, त्यांनी झाडणीनं अंगण झाडलं, चुना कालवला आणि मधोमध एक फुली काढली. कशी म्हणता? प्रीतीच्या फुलीपेक्षा मोठी! प्रीतीची आई, रुक्माबाई, चुलीपासून ओरडल्या, "अवो, हे काऊन करून राह्यले तुमी?"

"काऊन म्हंजे? पोरगी माह्यी, अन् माह्याच अंगणात खूण नाई? लोक काय म्हनतीन?"

लोक काही म्हणाले नाहीत. लोकांनी पाहिलं. द्वारकाबाई सडा टाकत होत्या, त्यांनी फुली पाहिली आणि बादली तिथेच ठेवली. मास्तरानं स्वतःच्या दारात काढली म्हणजे काहीतरी असणारच! काल पारावर सांगितलं ते उगाच नव्हतं. खूण नसेल त्याचं घर नकाशात येणार नाही, कागद मिळणार नाही! हे बोलणं वस्तीतून देवळापर्यंत आणि देवळातून पाटीलवाडीपर्यंत गेलं. पोळ्याच्या बैलांना रंगवायला ठेवलेला चुना निघाला, भिंतीचा डिस्टेंपर निघाला, कोणी तांदळाचं पीठ घेतलं. लक्ष्मणरावांनी दारात एक काढली, आणि वेगळ्या राहणाऱ्या लेकांच्या नावानं आणखी वेगवेगळ्या काढल्या, न जाणो उद्या भांडण झालं तर.

प्रीती पंकजला घेऊन गावात शिरली, तेव्हा पंकज हसायलाच लागला. मुधोळचा पोरगा, खुशालचेंडू. पण प्रीतीचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

"मॅडम, हे नाही चालायचं," तो म्हणाला. "कॉम्प्युटर फुल्या आपोआप शोधतो. तुमची कोणती अन् गावाची कोणती, त्याला काय कळणार? एक जरी चुकीची धरली तर अख्खा नकाशा सरकेल."

"पुसून घेऊ."

"लवकर करा. दुपारी वारा सुटतो. अन् दुपारनंतर आमची गाडी इचोड्याकडे. आज नाही उडालं तर साहेबांना सांगावं लागेल." पुढचं तो बोलला नाही, पण प्रीतीला कळलं. पहिल्याच गावात झेपलं नाही, गाव दुसऱ्याला द्या, हिला परत यंत्रं वाहायला लावा.

तिनं दारोदार जाऊन सांगितलं. कोणी ऐकेना! गोड बोलून सगळे नाही म्हणत होते. "आमची पुसाची अन् दुसऱ्याची ठेवाची? वा गं माय!" "काकाच्या घराले कागद अन् आमी उघड्यावर?" शेवटी द्वारकाबाईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं.

"पोरी, तू आपल्या घरची हायेस म्हून सांगतो. तुह्या बापाच्या अंगणात सगळ्यात मोठी हाय. ते अगोदर पाह्य, मंग आमाले सांग."

प्रीती तडक घराकडे निघाली, आणि तिच्या मागे अर्धं गाव.

मास्तर अंगणात, फुलीच्या बाजूला उभे होते. गर्दी येताना पाहून त्यांना आधी बरंच वाटलं. मग लेकीचं तोंड दिसलं, आणि सगळा उलगडा झाला. हे आपण केलं? आपण? जिच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला, तिच्या पहिल्या कामाच्या मुळावर आपणच उठलो?

प्रीतीनं आधी वर पाहिलं. अंगणावर कडुनिंबाची फांदी आडवी पसरली होती. मग तिनं खाली पाहिलं.

"बाबा, ही कोनं काढली?"

रुक्माबाईंनी पदर तोंडाला लावला. लक्ष्मणराव काठीवर रेलून बघत होते. सांगता आलं असतं, की तूच काढायला लावली. गावानं विश्वासही ठेवला असता आणि घराची इभ्रत राहिली असती.

"मी," मास्तर म्हणाले.

"पुसा."

एवढंच. ना 'बाबा', ना 'जरा', ना 'मेहरबानी'. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना हाच शब्द हाच आवाज लावून सांगितला होता, पाटी पुढे करून. त्यांना असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली नव्हती, गर्दीकडेही बघत नव्हती. ती त्या फुलीकडे बघत होती, जशी कोणाच्याही दारातल्या फुलीकडे बघितली असती. आणि मास्तरांच्या मनात लाजेच्या जागी दुसरंच काहीतरी उसळून आलं. अरे, ही खरंच अधिकारी झाली की! बापाच्या अंगणातही!

त्यांनी बादली ओतली आणि खराटा लावला. चुना तो, पुसला जाईना, पाण्यासोबत नुसता पसरत गेला. मास्तर धोतर खोचून परड्यात गेले, घमेलंभर काळी माती आणली आणि त्यावर पसरली. पुन्हा आणली. माती पायानं दाबली. मग कमरेवर हात ठेवून गावाकडे वळले.

"तमाशा पाहून काय राह्यले? माह्यी पुसली! आता ज्याच्या त्याच्या घरी चला. पाणी नका टाकू, माती टाका माती!"

"पर मास्तर, घराचा कागद?" मागून कोणीतरी विचारलं.

उत्तर प्रीतीनं दिलं. "तुमचं घर नकाशात येईन ते घर म्हून. भिंती दिसतीन, छप्पर दिसन, सगळं दिसन. खूण म्हंजे खुटी हाय काका, नकाशा ताणून धराची खुटी. खुटीवर कोनाचं नाव नसते. माह्या बापाचंबी नाई."

लक्ष्मणरावांनी काठी आपटली. "म्हंजे माह्या खळ्यातलीबी पुसू?"

"ती राहू द्या. वस्तीच्या पलीकडं मोकळी जागा तेवढीच हाय. त्या खुटीनं आमची वस्ती सरळ राहीन."

म्हातारा क्षणभर द्वारकाबाईंकडे बघत राहिला, द्वारकाबाई त्याच्याकडे. "राखतो मंग," तो म्हणाला आणि कोंबड्या फिरू नयेत म्हणून खळ्यात जाऊन स्वतः पहाऱ्याला बसला.

बाकी गाव कामाला लागलं. मास्तरांचीच गेली म्हटल्यावर कोणाला तोंड राहिलं होतं? घमेली फिरली, परड्यातली माती अंगणात आली, लक्ष्मणरावांच्या सुनांनी आपल्या दारातल्या फुल्या कुरकुरत बुजवल्या. प्रीती प्रत्येक दारात जाऊन बघत होती, आपल्या खुणा यंत्र लावून परत तपासत होती. वारा सुटायच्या आत पंकजचं ड्रोन भुंग्यासारखं आवाज करत वर गेलं. सगळं गाव माना वर करून उभं राहिलं, आणि मास्तर एकटे विहाराच्या पायरीवर बसून राहिले.

दुपारी प्रीतीनं विहाराच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडला. एकेक खूण जुळवत गेली. शेवटी खळ्यातली राहिली. ती जुळली तेव्हा तिनं डोळे मिटले, लांब श्वास सोडला आणि पायरीकडे पाहिलं.

"बाबा, बसलं. वस्ती एकदम सरळ आली."

मास्तर उठले. जवळ आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग ती काही बोलायच्या आत वळून चालायला लागले. चपला पायरीशीच राहिल्या. किराणा दुकानाशी पोचेपर्यंत त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता.

"आयकलं का रे?" ते भर रस्त्यात उभे राहून सांगत होते. "माह्यी खूण पुसाले लावली तिनं! साऱ्या गावासमोर! सख्ख्या बापाची!"

दुकानदार म्हणाला, "मास्तर, मी होतो ना तिथं. म्याच तर घमेलं देल्लं."

"मंग पुन्हा आयक," मास्तर म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर बसून पहिल्यापासून सांगायला लागले.