सफाईचा हात

"ही कोन बाई?" भागीबाईनं विचारलं.

दुकानमालक राकेशनं फ्रेमवरचा वर्तमानपत्राचा कागद नुकताच काढला होता. गिऱ्हाईक खूश होणार या खात्रीनं हसू आणलेला त्याचा चेहरा तसाच राहिला. काउंटरमागच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या ज्योत्स्नाचा हात माउसवर थांबला.

"कोण म्हणजे? तुमची आई," राकेश म्हणाला. "तुमच्या भावानंच तर फोटो दिला आणून. काय हो हिरामण?"

हिरामण टोपी हातात घेऊन उभा होता. म्हसरूळकडच्या एका द्राक्षबागेत तो रखवालदार होता. त्यानं फ्रेमकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग पुन्हा फ्रेमकडे.

"फोटो ब्येस हाय, साहेब. लय ब्येस हाय," तो म्हणाला. "पन ही आमची आय नाय."

ज्योत्स्ना खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. गेल्या आठवड्यात इतकं मन लावून केलेलं हे एकच काम होतं.

बाकी सगळी कामं म्हणजे वाढदिवसाचे फलक. कुठल्यातरी दादांचे चष्मा लावलेले, फोन कानाला धरलेले फोटो, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी. नाहीतर लग्नाचे अल्बम; त्यात सिन्नरचा नवरा आणि निफाडची नवरी परदेशातल्या फुलांच्या शेतात उभी करायची. चित्रकलेचा डिप्लोमा अर्ध्यावर सोडून ती डीटीपी शिकली, तेव्हा तिला वाटलं होतं, ब्रश काय आणि माउस काय, हात तर आपलाच. आता अठ्ठावीस वर्षांची झाली तरी ते खरं की खोटं हे तिला ठरवता येत नव्हतं. कॉलेजातले सर तिच्या कागदापाशी थांबून एकदाच काही बोलले होते, "तुझ्या हाताला सफाई आहे." त्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं काढत आली होती. मात्र सर आणखी काही म्हणणार होते आणि म्हणाले नाहीत, अशी एक शंका तेव्हापासून तिच्या मनात घर करून होती.

दुकानाचा डिजिटल कॅमेरा कधी मोकळा असला की ती मागितल्यासारखं करून घेऊन जायची. जेलरोडच्या भिंतींवरची ओल, गंजलेले पत्रे, देवळाली कॅम्पच्या बाजारातली उन्हानं विटलेली ताडपत्री, असले फोटो काढायची. कॉम्प्युटरमध्ये 'माझं' नावाच्या फोल्डरमध्ये ते साठवलेले होते. त्यांचं पुढे काहीतरी होईल, असं तिला वाटायचं. काय, ते सुचायचं नाही. सुचत नाही म्हणून चिडचिड व्हायची आणि चिडचिड झाली की ती माउस उलटा करून त्याच्या गोळीवर साठलेला मळ नखानं काढत बसायची.

अशात हिरामण आला होता. त्याची आई चिमणाबाई पेठकडच्या पाड्यावर वारली होती. जन्मभरात तिचा एकच फोटो निघाला होता. नातवाला आश्रमशाळेत बक्षीस मिळालं तेव्हा गुरुजींनी सगळ्या बायकांना ओळीनं उभं करून काढलेला. तो घरात वाशाला खोचलेला असायचा. खाली चूल, वर कौलं. धुरानं तो पिवळा पडला होता, पावसाळ्यातल्या ओलीनं त्यावर बुरशीचे ठिपके धरले होते. त्यातला चिमणाबाईचा चेहरा नखाएवढा.

"दिवस घालायच्या आधी मोठा करून द्या," हिरामण म्हणाला होता. "पाटावर ठिवायचा हाय."

ते नखाएवढं तोंड स्कॅन करून पडद्यावर मोठं केलं तेव्हा तिथं चेहरा असा नव्हताच. नुसते चौकोन, डाग, काळे-हिरवट ठिपके. ज्योत्स्नाला बऱ्याच दिवसांनी हुरूप आला. दुकानात क्लोनच्या टूलला सगळे 'शिक्का' म्हणत. एका जागची कातडी उचलून दुसऱ्या जागी ठोकायची. पण चिमणाबाईच्या चेहऱ्यात उचलण्याजोगी स्वच्छ जागाच उरली नव्हती. मग तिनं स्वतःच्या आईचा, लताबाईंचा फोटो शेजारी उघडला. तिच्या गालाच्या सुरकुत्या घेतल्या, कपाळ घेतलं, हनुवटी घेतली. लताबाईंच्या हनुवटीवर एक हिरवा ठिपका होता, लहानपणी गोंदलेला. तो मध्ये येत होता म्हणून ज्योत्स्नानं शिक्का त्याच्या बाजूबाजूनं फिरवला होता. डाग एकेक करून गेले. तयार झाला तो चेहरा इतका नितळ होता की ती स्वतःच बराच वेळ बघत राहिली होती.

आणि आता भागीबाई म्हणत होती, ही कोन?

"मावशी, तो फोटो फार खराब होता," ज्योत्स्ना काउंटरपाशी येत म्हणाली. "डाग होते सगळे. ते काढले म्हणून तुम्हाला वेगळं वाटतंय."

"कसले डाग?"

"असे... कपाळावर, गालावर. काळे काळे."

भागीबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कपाळ पुढे केलं. दोन भुवयांच्या मध्ये उभी रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना ठिपके. डोळ्यांच्या कडांपाशी बारीक टिंबं. हनुवटीवर फुलासारखं काहीतरी.

"हे डाग हायेत?"

ज्योत्स्नाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"आमच्यात बाई मेली का अंगावरलं समदं हितंच काढून घेत्यात," भागीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पुतळ्या म्हन, जोडवी म्हन. गोंदन तेवढं संगं जातं. वर गेल्यावर तेच बघत्यात, काय आनलंस म्हनून. तिनं नेलं ते नेलं. हितं पाटावर तोंड ठिवायचं तं ते बी तू पुसून बसलीस."

"अगं, त्यांनी मुद्दाम केलं का?" हिरामण म्हणाला.

"मुद्दाम नाय केलं म्हनून आय व्हती का ती?"

राकेश मध्ये पडला. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याला शांतता सहन होत नसे. "असं करू, आपण जुनी फाइल काढू. ज्योत्स्ना, ओरिजिनल स्कॅन असेल ना?"

"त्याच्यावरच सेव्ह केलंय."

"अरे यार!"

"तुम्हीच म्हणता ना, जागा खातं, एकच फाइल ठेवत जा."

"मग आता सगळं माझ्यावर टाक."

"मूळ फोटो आहे पाकिटात. पुन्हा स्कॅन करते."

"आमची गाडी पाचची हाय," हिरामण म्हणाला. "सीबीएस स्टँडवरून. दिवस उद्या सकाळी हायेत."

ज्योत्स्नानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. पाहिलं तर हात चालणार नाही, हे तिला माहीत होतं.

स्कॅनरचा दिवा सरकत गेला. पुन्हा तेच चौकोन, तेच ठिपके. आता मात्र तिला एकाही ठिपक्याला हात लावायचं धाडस होईना. गोंदण कुठलं आणि बुरशी कुठली? दोन्ही सारखीच. तिनं एकावर माउस नेला आणि मागे घेतला. दुसऱ्यावर नेला, मागे घेतला. मग ती काच सरकवून म्हणाली, "मावशी, तुम्ही आत या. मला एकटीला नाही जमणार."

"मी? मला काय कळतंय त्या पेटीतलं?"

"पेटीतलं मला कळतं. आई तुमची आहे."

भागीबाई आली. तिनं चपला काचेबाहेर काढल्या. खुर्चीच्या टोकाला बसली आणि पडद्यावरचं आईचं तोंड बघून एकदम मागे सरकली. "यवढं मोठं!" मग हळूहळू पुढे झुकली. खेड्याकडून येताना तिनं केसांना तेल चोपडलं होतं. त्याच तेलकट बोटानं तिनं पडद्याची काच दाबली.

"हे ठिव. ही रेघ. हे बी."

"हे?"

"ते काय नाय. पूस. हे हितलं पूस. आगं, ते नको! ते लुगड्याचं काठ हाय, डोक्यावरलं."

"मॉनिटरला हात नका लावू हो," बाहेरून राकेश म्हणाला.

"लावू द्या," ज्योत्स्ना म्हणाली. एवढ्या तुटकपणे ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. राकेश काउंटरकडे वळला.

लताबाईंची कातडी तिनं या वेळी घेतली नाही. जे होतं त्यातच काम करायचं ठरवलं. गाल खरबरीत राहिले तर राहू देत. रंगाचं काही जमेना. फोटोतलं गोंदण काळपट पडलं होतं. तिनं हिरवा भरला तर ते टिकलीसारखं चमकायला लागलं.

"आसं नाय," भागीबाई म्हणाली. "मुरलेलं पायजे. कातडीच्या आतून आल्यावानी."

"तुम्ही जरा इकडे तोंड करता?"

भागीबाईनं कपाळ पडद्याच्या शेजारी आणलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ज्योत्स्ना ते बघत राहिली. हिरवा नव्हता, निळा नव्हता. राखेतून, घामातून, वर्षानुवर्षांच्या उन्हातून गेलेला तो रंग होता. पडद्यावरून रंग उचलायचं टूल होतं तिच्याकडे, पण जिवंत कपाळावरून उचलायचं नव्हतं. तिनं नजरेनंच जुळवायला घेतलं. थोडा करडा, थोडा तपकिरी. चुकलं. पुन्हा. कॉलेजात पाण्याच्या भांड्यात ब्रश बुडवताना जी धाकधूक असायची, ती कितीतरी वर्षांनी बोटांत आली.

"हां," भागीबाई एकदम म्हणाली. "हां, ह्योच."

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस केकाटायला लागला. राकेश ओरडला, "सेव्ह कर, सेव्ह कर!" सेव्हची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. ती पुढच्या टोकाला पोचेपर्यंत ज्योत्स्नानं माउस सोडला नाही. मग राकेशनं शटरबाहेरचं जनरेटर दोरी ओढून चालू केलं आणि सगळं दुकान थरथरायला लागलं.

डाव्या भुवईच्या टोकाशी एक ठिपका होता. भागीबाई त्याच्यावर अडली.

"ह्ये मला नाय आठवत."

"हाय ते," काचेबाहेरून हिरामण म्हणाला. एवढा वेळ तो मान वाकवून आत बघत होता. "मी बोट ठिवायचो त्याच्यावर."

"ते उजव्या अंगाला व्हतं."

"डाव्या."

"तुझ्या डाव्या का तिच्या डाव्या?"

हिरामण गोंधळला. त्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग समोर हवेत. मग त्यानं डोळे मिटले. पन्नाशीला आलेला तो उंच माणूस, कुणी कडेवर घेतल्यासारखा खांद्यातून जरा तिरका झाला, मान वर केली आणि एक बोट पुढे केलं. बोट हवेत थांबलं.

भागीबाई बघत होती. "कडंवर डाव्या अंगालाच घ्यायची ती," ती हळू म्हणाली. "उजव्या हातानं काम चालायचं ना तिचं." मग ज्योत्स्नाकडे वळून, "ठिव. तिचं डावं. बराबर हाय."

हिरामणनं डोळे उघडले आणि टोपी घालून दाराकडे जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिला.

शेवटी हनुवटी राहिली. तिथं एक ठिपका खाली, जरा बाजूला पडलेला. भागीबाईनं बोट ठेवलं, काढलं. भावाला हाक मारली. त्यानं येऊन पाहिलं आणि मान हलवली. नाही आठवत. दोघांनाही नाही. भागीबाईनं आपल्या हनुवटीला हात लावून पाहिला, जणू तिथून काही कळेल.

"आता इचारायचं तरी कुनाला," ती म्हणाली.

"काढू की ठेवू?" ज्योत्स्नानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. डाग आसला तरी आपल्याच चुलीच्या धुराचा हाय."

प्रिंट निघाली. राकेशनं फ्रेम उघडून पहिली काढली आणि ही आत बसवली. आधीच्यासारखी ती नितळ नव्हती. गाल रवाळ होते, एका डोळ्याचा काठ विरघळलेला होता. ज्योत्स्नाला त्यातली प्रत्येक चूक दिसत होती आणि तिनं ती सांगायला तोंड उघडलंही. पण भागीबाईनं दोन्ही हात फ्रेमवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकड आवाज झाला. मग पदरानं फ्रेमची काच पुसून ती म्हणाली, "आली बया."

निघताना ती काचेपाशी थांबली.

"पोरी, पयल्यांदा पुसलंस ते गोंदन कुठं गेलं गं?"

"कुठं म्हणजे? कुठंच नाही, मावशी. पुसलं की जातं."

"आसं कसं?" भागीबाई म्हणाली. मग ती भावामागून पायरी उतरून गेली. पहिल्या फोटोची प्रिंट राकेशनं दुमडून रद्दीत टाकली. "कागद गेला," तो म्हणाला, पण फार जोरानं नाही. मग त्यानं पिवळं फडकं आणलं. "मॉनिटरचं काय करून ठेवलंय बघ बाईनं. तेलकट नुसतं."

"मी पुसते. राहू द्या इथं."

तो चहा सांगायला गेला. ज्योत्स्नानं फाइलला चिमणाबाईचं नाव दिलं आणि 'माझं' या फोल्डरमध्ये, ओल आणि पत्र्यांच्या शेजारी ठेवली. मग मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा मिटला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मॉनिटरच्या काळ्या काचेवर भागीबाईच्या तेलकट बोटांचे ठिपके आता स्पष्ट दिसत होते. भुवयांच्या मध्ये, डोळ्याच्या टोकाशी, खाली हनुवटीवर. त्यांच्यामागे, काचेत, ज्योत्स्नाचं स्वतःचं तोंड होतं. ती जरा डावीकडे सरकली, मग थोडी खाली, ते ठिपके जागेवर येईपर्यंत.

फडकं तिच्या मांडीवर तसंच राहिलं.