चुन्यावरची काळी पट्टी

मी एक जुनी ऑब्रिएटा आहे, दगडांच्या फटीत वाढणारं जांभळ्या फुलांचं झुडूप. मित्रांनो, साम्राज्यं आली नि गेली, पण ग्रीसमधल्या पार्नासोस डोंगराच्या कड्यांवरची आमची जांभळी चटई कुणाला गुंडाळता आली नाही. कूळ थोर आहे आमचं. मोहरीचं. म्हणजे तुमच्या फोडणीत तडतडते ती माझी लांबची बहीण.

माझा जन्म फोतिनीबाईंच्या अंगणामागच्या बांधात झाला. नुसते दगड रचलेला बांध; त्याच्या फटीत माझं मूळ आणि खाली लोंबणारी मी. वसंतात कौतुक, उरलेलं वर्ष दुर्लक्ष.

ईस्टरच्या आधी आमच्या गावात जे हलत नाही त्याला चुना फासतात. त्या वर्षी बाईंनी बांधही सोडला नाही.

"वहिनी, ते गवत उपटा की!" नणंद म्हणाली.

"आधी तुमची जीभ उपटते," म्हणत बाईंनी माझ्या कडेला अगदी चिकटून ब्रश फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान थिमिओस यांनी कोकरू भाजायला खड्डा खणला. वारा लागू नये म्हणून थेट बांधाच्या पायाशी! पायाचे दोन दगड आड येत होते, तेही काढले.

तेव्हापासून माझा जीव मुळात नव्हता. मागची ओली माती दगडांना रेटत होती. ईस्टरला थिमिओस बांधाकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि कोकराची सळई फिरवू लागले. माझ्याखालचे दगड सरकू लागले. मला ओरडता येत नाही. मी फुलं गाळली. त्यांनी ती टकलावरून झटकली.

"फोतिनी, मीठ आण!"

मिठाचं भांडं घेऊन आलेल्या बाई थबकल्या. माझ्या कडेखाली, चुन्याच्या वर, वीतभर काळा दगड उघडा पडला होता.

"अहो, उठा!"

"का? चुना कमी पडला वाटतं?"

"मी जागा सोडली नव्हती. बांध सरकलाय! उठा म्हणते ना!"

"अगं, कोकरू करपेल..."

बाईंनी भांडं टाकलं, त्यांची कॉलर धरली आणि ओढलं. स्टूल रिकामं झालं, आणि त्यावर बांध बसला.

कोकरू गेलं. तसं ते आधीच गेलेलं होतं. थिमिओस बाईंचा हात धरून बसले, मग म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, बांध जुना आहे." गावाने त्यांना वाचवल्याचं श्रेय चर्चमधल्या संताला दिलं.

बाईंनी मात्र नव्या बांधात मला स्वतःच्या हाताने पुन्हा बसवलं. मित्रांनो, मुकी झाडंही सांगत असतात. त्यांच्याकडे जरा बघत जा. माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी मीठ तेवढं माझ्या मुळांपासून लांब सांडा.