टायरॉड आणि वामकुक्षी

शब्द द्यायचा आणि तो पाळायचा, ही आमच्या बाबांची खोड आहे आणि तिचा ताप मला होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "दशरथराव, बंद गाडी पार्किंगात किती दिस ठेवणार?" झालं! बाबा उठून म्हणाले, "रविवारी पाचपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली नाही, तर भंगारात द्या." मागितलं होतं का कोणी? आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन लावला.

गाडी म्हणजे आमची पांढरी फियाट. बाबांनी जन्मभर सरकारी गाड्या चालवल्या, मागे कुणी ना कुणी साहेब बसलेला. ही एकच त्यांची स्वतःची. इंजिन ठणठणीत होतं, पण टायरॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा गोळा झिजला होता. असली गाडी रस्त्यावर काढायची नाही म्हणून बाबांनीच ती उभी केली होती. नाना पेठेतून नवा गोळा आणला, तर मेकॅनिक म्हणाला, जुना गॅसने तापवून घणाने ठोकावा लागेल. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"जया, तूच काढ. मी सांगतो."

बाबांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही. तेव्हा पन्नाशीची, बँकेत नोकरी करणारी मी रविवारी डोळ्यांवर गॉगल लावून गाडीपाशी आडवी झाले. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून गाडी जॅकने उचलली, खाली लोखंडी स्टँड दिले आणि चाक काढलं. मग पिन काढून नट फिरवायला लागले, तर बाबा ओरडले, "पूर्ण नको! चार आटे राहू देत. जोर सुटला की दांडा उडून तोंडावर येईल. नट असला तर तिथंच अडेल."

गोळा ओढून काढणारं अवजार, पुलर, लावून त्याचा स्क्रू आवळला. गोळा ढिम्म. मी वैतागून हातोडी उगारली.

"आट्यांवर नाही! चेपले की नट कधीच निघायचा नाही. गोळा ज्या लोखंडात बसलाय, त्याला बाजूने मार."

ठण! ठण! आणि पहिल्या मजल्यावरून आरोळी आली, "दशरथराव, एक वाजला! आता चारपर्यंत आवाज न्हाई!"

आप्पासाहेब मूळचे इथलेच. कर्वेनगरात त्यांचं शेत होतं तेव्हा भर उन्हात नांगर धरायचे. शेतावर इमारती आल्या आणि पुण्याची वामकुक्षी त्यांना अशी लागली की नारायण पेठेने लाजावं. मी भांडायला निघाले होते, पण बाबांनी हात धरला. "नियम तो नियम. तेल सोड, स्क्रू थोडा आवळ आणि लांब हो. लोखंडालाही वेळ द्यावा लागतो."

वेळच तर नव्हता! आम्ही खुर्च्या टाकून भाकरी-मेथी खाल्ली. अधूनमधून मी जाऊन स्क्रू किंचित आवळायचे आणि बाजूला व्हायचे. सगळी सोसायटी घोरत होती. संध्याकाळी बाबा निमूटपणे किल्ली काढून देतील, या विचाराने मी सारखी घड्याळाकडे बघत होते.

आणि कोणी हातही लावलेला नसताना, धाड्! सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. कुत्री भुंकली, खिडक्या उघडल्या. दांडा झटक्यात खाली सुटला आणि नटाला अडून तिथंच लोंबकळला.

"निघाला!" मी किंचाळले. "बाबा, निघाला!"

आप्पासाहेब बनियनवरच खाली आले. "कोन ठोकतंय?"

"कोणी नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "आपला आपण सुटला. त्याला नियम माहीत नसावा."

आप्पासाहेब रागाने वाकले आणि वाकलेलेच राहिले. ट्रॅक्टर वापरलेला माणूस तो. "गॅस न लावता? आटे बी शाबूत हायेत की!" मग त्यांनी स्वतःच बॅटरीचा उजेड धरला. जुना गोळा जितके वळसे फिरवून निघाला, तितकेच वळसे देऊन मी नवा बसवला, नट आवळला, नवी पिन घातली, चाक चढवलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ते तसूभरही डुगडुगलं नाही.

साडेचारला बाबा स्टिअरिंगवर बसले. फियाट सावकाश गेटबाहेर पडली. गल्लीत त्यांनी तिला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, मग नाकासमोर सरळ नेलं. मी कोपरापर्यंत काळी झालेली, टाळ्या पिटत मागे धावत होते. वळून आले तेव्हा बाबा चक्क रडत होते. मीही रडले. लपवायचं कशाला?

गेटपाशी आप्पासाहेबांनी फोन कानाला लावला.

"येऊ नगं रे," ते म्हणाले. "आमच्याकडं भंगार न्हाई."