लाल गाडीचं इंजिन कुणी खाल्लं

आमच्या मालकांना संशयाची कावीळ हाये. दूधवाल्यानं पाणी घातलं, डॉक्टरनं सलाईन अर्धीच दिली, दर्जीनं कापड मारलं. लग्न होऊन आले तवापासून हेच ऐकून राह्यले, कान किटले माझे. पण ह्या बारीला त्या काविळीपायी पोर माहेराला तुटली. म्हणून त्या दिवशी मी सोता मंठ्याला गॅरेजात जाऊन बसले.

झालं असं. मालक, म्हंजे सर्जेराव, जालन्यात एका सळईवाल्या शेठकडं ड्रायव्हर होते. शेठची एक हौसेची गाडी होती. लाल, दोनच सीटांची, टप उघडणारी, जमिनीला टेकलेली. शर्यतीची असती तसली. शेठ थकले, पोरं परदेशात, तर तिकडं पोरांकडं जाताजाता त्यांनी ती मालकांना देऊन टाकली. तवापासून ती आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली, अन् म्हैस बाहेर.

वैशाखात आमच्या जावयाच्या, राजानंदच्या, धाकट्या भावाचं लग्न होतं वाटूरला. नवरदेव लाल गाडीत पाहिजे म्हणून सुमेधानं बापाला गळ घातली. लेकीपुढं काय चालतंय? मालकांचा गुडघा सुजलेला, ते घरीच राह्यले अन् चावी जावयाच्या हाती दिली. वरात म्हंजे तुम्हाला ठावंच हाये. म्होरं डीजे, मधी नाचणारे, अन् गाडी मुंगीच्या पावलानं. गाडी परत आली अन् थोड्याच दिवसांत खालून टकटक वाजायला लागली.

मंग काय! "जावयानं भर उन्हात पहिल्या गेरात रांगवली. इंजिन तापवून जाळलं अन् गुपचूप आणून उभी केली!"

राजानंद म्हणला, "मामा, गरमीचा काटा चढायला लागला तशी मी गाडी बंद केली. वरातभर पोरांनी ती ढकलत नेली. इचारा कुणालाबी."

"तुझ्याच गावचे लोक, तुझंच सांगणार. चोर कधी म्हणतो का चोरी केली म्हणून?" चार पाव्हण्यांदेखत म्हणले हे.

सुमेधा तवा पोटुशी होती. उठली, नवऱ्याचा हात धरला. म्हणली, "बाबा, ह्यांना चोर म्हणलात ते मागं घ्या, तवाच ह्या घरात पाय ठेवीन. बाळंतपणबी तिकडंच करीन."

पहिलं बाळंतपण अन् सासरी! आईच्या जिवाला काय वाटत असंल सांगा. डिंक आणला, खारीक आणली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, अन् घर रिकामंच. दिवस भरत आले तसं मी एक दिवस ताट आपटलं. म्हणलं, "उघडा एकदाचं ते इंजिन. पोरानं जाळलं असंल तर मीबी त्याला बोलीन. न्हाई जाळलं तर तुम्ही फोन करायचा. अन् न्हाई केला तर सैपाक तुमचा तुम्ही करायचा."

ट्रॅक्टरला बांधून गाडी मंठ्याला नेली, अजमत मिस्त्रीकडं. मालकांनी जाताना सुमेधाची राह्यलेली नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली. मला वाटलं, याड लागलं का काय. तर तिथं जाऊन इंजिनाच्या एकेका पार्टाला गुलाबी ठिपके द्यायला बसले.

"मामा, हे काय करून राह्यले?" अजमतनं इचारलं.

"खूण. पार्ट बदलला तर कळंल."

अजमतचं तोंड उतरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस भला. म्हणला, "लावा मामा, बिलकुल लावा. मामी, तुम्ही चहा घ्या." मालक जुन्या टायरवर बसले, नजर त्याच्या हातावर. मांजर दुधाकडं बघतं तशी.

अजमतनं गाडी चालू केली, आवाज ऐकला, लगेच बंद केली. तेलाचं झाकण काढलं. झाकणाला आतून पिवळट साय चिकटलेली. मालक टायरवरून उडालेच. "बघ! तेलात पाणी! गाडी तापली, हेडाचं पॅकिंग जळलं, अन् पाणी आत उतरलं. मी बोंबलून सांगत होतो!"

म्हणलं, पोरगं खोटं बोललं की काय? खोटं कशाला बोलू, त्या घडीला मलाबी राजानंदचा संशय आला.

"सबर करा मामा," अजमत म्हणला. त्यानं रेडिएटर उघडला. पाणी काठोकाठ अन् स्वच्छ. "पॅकिंग गेलं असतं तर हे पाणी घटलं असतं, वरती तेल तरंगलं असतं." मंग प्लग काढून एक घड्याळासारखं यंत्र लावलं अन् मला म्हणला, "मामी, काटा तुम्हीच बघा." चारी सिलिंडरांना काटा बराबर तिथंच जाऊन थांबला. "दाब सारखा हाये. तापून पॅकिंग जळालं असतं तर एखाद्या ठिकाणी तरी पडला असता."

"यंत्र तुझं," मालक म्हणले.

अजमतनं गाडीखाली शिरून तेलाचं तसराळं खोललं. आत काळा चिखल, अन् तेलाला पेट्रोलचा भपकारा. बेअरिंग काढून त्यानं मालकांच्या तळहातावर ठेवलं. वरचा थर झिजून तांबं दिसत होतं. टकटक तिथूनच येत होती.

"मामा, गाडी किती चालते?"

"चालवतो कुठं! लोकांची नजर लागती. रोज सकाळी दोन मिनिटं चालू करतो, आवाज ऐकतो, बंद करतो."

"कशापायी?"

"रात्रीतून कुणी काय केलं का, ते बघाया."

अजमत हात पुसत खाली बसला. "गाडी घरी आल्यापासून रोज?"

"एक दिवस चुकला न्हाई."

"मंग ऐका. दोन मिनिटांत इंजिन गरम होत न्हाई. आतली ओल वाफ होऊन जात न्हाई, तेलातच राहती. तीच ही साय. थंड इंजिन पेट्रोल जास्ती पितं, तेबी तेलात उतरतं. तेल झालं पातळ, बेअरिंग गेलं घासून. वरातीनं हिला काही झालं न्हाई. हिला तुमच्या रोजच्या बघण्यानं खाल्लं."

मालकांनी ते बेअरिंग उलटंपालटं करून बघितलं. मंग हळूच म्हणले, "राजानंदचा तुला फोन आल्ता काय?"

मी म्हणलं, "लाज वाटू द्या हो जरा! फोन काढा. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. राजानंदनं "जय भीम मामा" म्हणलं. मालक खाकरले. "इंजिन तू न्हाई जाळलं. ते... माझंच चुकलं. तुला चोर म्हणलो ते मागं घेतो. सुमेधाला घेऊन ये घरी."

तिकडून सुमेधाचा आवाज आला. "बाबा, मी परवा बाळंत झाले. मुलगी झाली. सिझर करावं लागलं."

मी फोन माझ्याकडं ओढला. म्हणलं, "अगं, परवा? अन् आईला सांगितलं न्हाई? मी मेले होते का?"

ती रडायला लागली. "तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलंच असतंस आई. अन् बाबांनी पहिलं हेच इचारलं असतं, सिझर खरंच लागत होतं का, डॉक्टरनं पैशासाठी केलं का, राजानंद त्या वक्ताला कुठं होता. मला त्या दिवशी ते ऐकायची ताकद नव्हती."

मी मालकांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलेलं होतं, अन् पोर म्हणली तेच सवाल ओठांवर होते. मी चाळीस वर्सांपासून ओळखती तो चेहरा. त्यांनी तोंड मिटलं. डोळे भरून आलते.

"पोरी, मी येऊ का बघाया?"

"आईला पाठवा आधी," सुमेधा म्हणली. "तुमचं मंग बघू."

मी पदर खोचला. मालकबी टायरवरून उठले अन् चप्पल शोधायला लागले. म्हणलं, "तिनं कुणाला बोलावलं ते ऐकलं ना? बसा." दया आली मला, लई आली, पण म्होरं स्टँडवर वाटूरची एस्टी लागल्याली होती. मी जाऊन बसले.