तोंड नसलेला पाहुणा

आईच्या तेराव्याला खिरीच्या वाटीवर एक काळं, निळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बसलं होतं. राणी पाकोळी. सोंड उलगडून ते खीर प्यायलं, पंख मिटून जरा टेकलं आणि उडून गेलं. गिरजाबाई पोटभर जेवून गेली, असं सगळ्या वाडीने ठरवून टाकलं.

यंदा वर्षश्राद्धाला कावळा फिरकलाच नाही. पण आईच्या फोटोशेजारी भिंतीवर ताटलीएवढा तपकिरी पतंग पंख पसरून बसलेला. माझ्या थोरल्या भावाने, महिपतीदादाने, लगेच त्याच्यापुढे खिरीची वाटी धरली. पतंग हलेना.

मी रोह्याच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. फुलपाखराला सोंड असते. या जातीच्या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावर आठवडाभर जगतो आणि मरतो. हे मी तिथेच सांगायला हवं होतं. पण दादा वाटी धरूनच आईला एकेक कबूल करत सुटला: तंबाखू सोडतो, शकूवहिनीला माहेरी पाठवतो, कंपनीत ओव्हरटाइम करणार नाही. मला हसू आवरेना. म्हटलं, होतंय घराचं कल्याण तर होऊ दे. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण तेव्हा मी गप्प बसले.

खीर निवली. पतंग तसाच. दादाने वाटी आणखी पुढे सरकवली.

"आई झोपेत नाय गेली, रंभे," तो म्हणाला. "दोन दिवस पडून होती. तुझंच नाव घेत होती."

झोपेत गेली, असंच त्याने मला तेव्हा कळवलं होतं. एक फोन केला असता तर मी तासा-दीड तासात पेणला उतरले असते. का केला नाहीस, मी विचारलं.

त्याने आईला दवाखान्यात नेलंच नव्हतं. शिफ्ट चुकवायची नव्हती. उद्या नेऊ, उद्या नेऊ करत राहून गेलं. मी आले असते तर चारचौघांत त्याची सालटी काढली असती, ही त्याला भीती. खोटं कशाला बोलू, काढलीच असती.

"मग तिला काय सांगितलंस?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा माझ्याकडे बघेना. तो पतंगाकडे बघत होता, आता तरी खाईल म्हणून.

"सांगितलं, रंभा नाय येत म्हणाली," तो म्हणाला. "मग तिनं तुझं नाव घ्यायचं सोडलं."